बारीक तिरपा

बाबा, तुमच्या बारीक तिरप्याबद्दल लिहायला बसलो आहे. घरात आता हा शब्द कळणारं कोणी राहिलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो. नातीला सांगितलं तर ती म्हणते, "आबा, त्याला इटॅलिक म्हणतात." म्हणू दे. तिच्या शिक्षणात तेच नाव आहे. दांडीच्या पायाशी जे बारीकसं टोक निघायचं, मांजरीनं नख थोडंसं बाहेर काढावं तसं, त्याला तुम्ही नखी म्हणायचे आणि ती सेरिफ म्हणते. पण तिनं तो शब्द उच्चारला की मला लॅपटॉप दिसतो, आणि नखी म्हटलं की तुमची बोटं दिसतात, शाईनं काळवंडलेली, आणि त्या बोटांत धरलेला टायपाचा एवढासा खिळा. तुम्ही तो खिडकीच्या उजेडाकडे धरून नखी शाबूत आहे का ते पाहता आहात. घासलेटात भिजवलेला जुन्या धोतराचा तुकडा मांडीवर आहे. बाकीचा टाईप ब्रशनं खसाखसा धुतला जायचा, पण बारीक तिरप्याला ब्रश लावायची कोणाची हिंमत नव्हती. त्याची वळणं खिळ्याच्या अंगाबाहेर केसाएवढी निघालेली असायची आणि जोरात पुसलं की तुटायची. "हा टाईप नाही, सून आहे घरातली," असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि आतून आई ऐकवायची, "सुनंले कोण इतकं जपते व बाई!"

पांढुर्ण्यात तेव्हा आपला एकच छापखाना मराठी नीट छापायचा. बाजारातल्या रस्त्याकडे तोंड करून यंत्र, मधे पडदा, पडद्यामागे चूल. गोटमारीच्या जत्रेच्या दिवसांत रस्ता बंद असल्याच्या नोटिसा, संत्र्यांच्या पेट्यांवर डकवायची लेबलं, मंडईची पावतीपुस्तकं, हे सगळं ठसठशीत उभ्या टायपात. बारीक तिरपा फक्त लग्नपत्रिकेसाठी. नागपूरच्या टाईप ओतणाऱ्या माणसाला तुम्ही एक इंग्रजी लग्नपत्रिका दाखवली होती म्हणे, कोण्या साहेबाच्या घरची, आणि म्हणाले होते, असं मराठीत करून द्या. त्यानं हात जोडले. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, त्याला झुकवता येतं; आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकलेलं असतं, ते झुकवायला गेलं तर रेघेपासून तुटल्यासारखं दिसतं. तुम्ही किती खेटे घातले कोण जाणे. शेवटी त्यानं रेघ आडवी सरळच ठेवली आणि खालची दांडी तेवढी उजवीकडे कलती केली. वारा लागलेल्या ज्वारीसारखी.

आई चुलीवरचं उतरवून, हात पुसून, वाळलेल्या पत्रिका घडी घालायला बसायची. चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट लावायचं कामही तिचंच. मी शाळेतून आलो की तिच्या शेजारी बसतो आणि ती एक पत्रिका डोळ्यांपुढे धरते. तिला अक्षरओळख होती, पण वाचायच्या आधी ती नुसतं पाहायची.

"काय जी, हे सगळे अक्षरं एकीकडंच कोठं जाऊन राहिले?"

"लग्नाले," तुम्ही यंत्रावरून.

"मंग तुमचे ते नोटिशीतले काऊन उभे?"

"ते पोलीस आहेत."

आई इतकी हसते की हळदीचं बोट पत्रिकेच्या मधोमध लागतं, आणि तुम्ही ओरडता, आणि ती म्हणते, लागू द्या, मधात लागलेली हळद जास्त चांगली.

पत्रिकेच्या खाली दोन ओळींची कविता असायची. 'मामाच्या लग्नाला नक्की या हं' अशा बोबड्या ओळी, नाही तर कोणी हौशी शेतकरी स्वतः जुळवून आणलेल्या. त्यामुळे माझा पक्का समज झाला की जे कलतं असतं तीच कविता. शाळेच्या पुस्तकात कविता उभ्या अक्षरांत पाहिल्या तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्या छापणाऱ्याकडे बारीक तिरपा नसेल. मग मीच वहीत कविता उतरवताना अक्षरं कलती करायला लागलो. गुरुजींनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "काय बे, अक्षरं घसरून राहिले का तुह्ये? वहीखाली काई ठेव." वर्ग हसला. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तुम्ही गुरुजींवर चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही माझी वही खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "सगळ्या एकाच कोनात पाहिजेत. ही ओळ जास्त पडली." तेवढंच. पुढे आयुष्यभर सौंसरच्या शाळेत मी कविता शिकवल्या, फळ्यावर कविता लिहिताना माझा हात आपोआप उजवीकडे कलायचा, आणि पोरं म्हणायची, सर कवितेचं अक्षर वेगळं काढतात. त्यांना काय सांगणार!

आईची एक तक्रार होती, आणि ती तक्रार ती हसत करायची म्हणून कोणी मनावर घेतली नाही, असं मला तेव्हा वाटायचं. दुसऱ्यांच्या पत्रिका दुमडता दुमडता ती म्हणायची, "सारं पांढुर्णं, सारं सावरगाव नटवलं तुम्ही. माह्या लग्नाले तं चिठ्ठीबी नोती. हळदीचे तांदूळ घेऊन माणूस फिरला घरोघर, झालं." तुम्ही म्हणायचे, तेव्हा छापखाना कुठं होता माझा! ती म्हणायची, "तेच म्हणून राहिली मी. आता हाय, तं आता लग्न नाही."

मग ती गेली. फार काही आजार नव्हता, पावसाळा संपता संपता ताप आला आणि त्यातच. मी तेव्हा कॉलेजात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर यंत्राचा आवाज येत होता. तुम्ही तेरवीची पत्रिका छापत होते. मी प्रूफ हातात घेतलं आणि मला क्षणभर कळलंच नाही की काय चुकलं आहे. काळी चौकट नव्हती. आणि आईचं नाव, गावाचं नाव, 'हिचे देहावसान झाले', सगळं बारीक तिरप्यात.

दुसऱ्या दिवशी मोठे काका सौंसरहून आले, मळ्यातल्या चिखलाच्या चपला तशाच. त्यांनी पत्रिका पाहिली आणि तिथंच, चार माणसांत, तुम्हाला धारेवर धरलं. "अरे, मयतीची चिठ्ठी हाय का लग्नाची? लोकायनं हे फाडाची का पेटीत जपून ठेवाची?" त्यांचं म्हणणं गावाच्या रीतीनं बरोबरच होतं. मरणाची चिठ्ठी आली की वाचायची आणि दाराबाहेरच फाडून टाकायची, ती घरात ठेवत नाहीत. तिला काळी चौकट असते ती त्यासाठीच, की न वाचणाऱ्यालाही दुरून कळावं. काकांनी घरातल्या उरलेल्या सगळ्या स्वतः फाडल्या. पण पोस्टात टाकलेल्या तर गेल्या होत्या.

तेरवीच्या दिवशी ते बोरगावचे मावसे आले. आईच्या लांबच्या बहिणीचे यजमान, म्हणजे तुमचे साडू. त्यांच्याकडे बातमी घेऊन कोणी गेलंच नव्हतं, नुसती पत्रिका पोचली होती, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी काय केलं, तर अक्षरांकडे पाहिलं. कलती, नाजूक, कोपऱ्याला काळं काही नाही. घरात सांगितलं, पांढुर्ण्याच्या साळभावाकडे लगन हाय, आणि तारीख तेवढी पोस्टमनकडून विचारून घेतली. पांढरा फेटा, कोरं धोतर, एका हातात साडी आणि नारळ, दुसऱ्या हातात संत्र्यांची टोपली. ओसरीवर मुंडण केलेला मी बसलेलो आणि ते अंगणातूनच हाक देतात, "काय बाप्पा, मांडव नाही घातला का अजून? पोराचं लगन ना?"

कोणीतरी त्यांना सांगितलं. टोपली खाली पडली. मला आजही ती संत्री ओसरीच्या पायरीवरून घरंगळताना दिसतात आणि ती उचलायला कोणीच वाकत नाही. मावसे रडत रडत म्हणत होते, "मले माफ करा जी, माह्यानं चूक झाली, मी अडाणी माणूस, मी साडी घेऊन आलो मयताच्या घरी." काका काहीतरी बोलणार तेवढ्यात तुम्ही उठलात. तुम्ही त्यांच्या हातातली साडी घेतलीत, दोन्ही हातांनी, आहेर घेतात तशी. आणि म्हणालात, "नाही साळभाऊ. तुम्ही बरोबर वाचलं."

बाबा, हे वाक्य तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणत नाही, कळलं होतं. पण ते किती खोल गेलं होतं ते खूप उशिरा समजलं.

त्यानंतर तुम्ही त्या टायपाला हात लावला नाही. एके दिवशी ती जागा रिकामी होती. शिसं वितळवायला गेलं असणार. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही नागपूरहून तयार पत्रिका आणल्या, सोनेरी गणपतीच्या, खाली नावं टाकायची जागा सोडलेल्या. त्या चांगल्याच होत्या. पण लग्नानंतर कधीतरी मी हिला आईच्या पत्रिकेची गोष्ट सांगितली. दाखवायला घरात एकही नव्हती. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरात बाईले मरा लागते, तवा चांगली पत्रिका भेटते."

आम्ही दोघंही हसलो होतो. मग हे तिचं नेहमीचं झालं. कोणाचीही पत्रिका आली की ती हातात घेऊन म्हणायची, "हे काई बारीक तिरपं नाही," जशी काही तिनं ते पाहिलं होतं. मी म्हणायचो, तुझ्यासाठी करून आणतो कुठून तरी. ती म्हणायची, "आणा, आणा. मी थांबून हाय." तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमचं सगळं तिनं केलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्हाला तिच्याच हातची कळण्याची भाकरी लागायची.

मागच्या वर्षी ती गेली, बाबा. तेव्हाची पत्रिका मुलानं मोबाईलवरच केली. फोटोला हार, दोन दिवे, चकाकणारी अक्षरं. मला तेव्हा काही सुचत नव्हतं. पण वर्षश्राद्ध जवळ आलं तसं माझ्या डोक्यात एकच घुमायला लागलं, की हिचं नाव एकदा तरी बारीक तिरप्यात छापायचं. मुलगा नागपूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, लोक आता वाचत नाहीत, फोटो पाहतात. आणि तो टाईप आहे कुठं?" तो चुकीचं बोलत नव्हता. त्याची मुलगी पुण्यात अक्षरं काढायचंच शिकते, तेव्हा दोन दिवस घरी आली होती; तिनं बापाच्या हातातला फोन घेतला. "आबा, एक तरी छापलेला कागद आणा. मी काढते."

कुठून आणायचा? लग्नपत्रिका लोक वर्षानुवर्षं ठेवतात, पण इतक्या वर्षांत घरं पडली, पेट्यांना वाळवी लागली. मी पांढुर्ण्यात, नदीपलीकडे सावरगावात, ओळखीच्या घरी विचारत फिरलो. शेवटी नात सुटीत आली तेव्हा तिला घेऊन बोरगावला गेलो. सौंसरला बस बदलताना ती म्हणाली, "आबा, तिथं तरी असेल कशावरून?" मी म्हणालो, मावशांनी ती फाडली असेल असं मला वाटत नाही.

मावसे केव्हाच गेले. त्यांची सून आता म्हातारी, ऐकायला कमी येतं, पण जीभ तल्लख. "पत्रिका? हाय ना, गठ्ठाच हाय मास्तर. सासऱ्याले लय शौक. त्यातल्या नवऱ्यानवरींचे नातू लग्नाले आले, तरी मी ठेवून हाय." सुतळीनं बांधलेला गठ्ठा सोडला. आणि बाबा, मधेच ती निघाली. पिवळी पडलेली, घडीवर चिरलेली, पण नखी न नखी शाबूत. मी वाचून दाखवली. म्हातारी थिजली.

"अवं माय! हे मयतीची हाय? इतके सालं माह्या पेटीत? द्या इकडे, फाडा लागते!"

"आजी, थांबा, थांबा!" नात पत्रिकेवर जवळजवळ आडवी पडली.

"सरक व पोरी! घरात लेकरं हाय माह्या!"

मी मधे पडलो. म्हटलं, तुमच्या घरातून गेली म्हणजे झालं ना? मी नेतो. म्हातारीनं माझ्याकडे, मग नातीकडे पाहिलं. "नेता तं न्या. पण चाय पेऊन जा आता, अन् जातानी मांगं पाहू नका." आम्ही चहा प्यालो आणि मागं न पाहता निघालो. बसमध्ये नातीनं पत्रिका पुस्तकात ठेवून पुस्तक पोटाशी धरलं होतं. "पणजोबांनी लग्नाचा टाईप का वापरला?" तिनं विचारलं. मी तिला आईची तक्रार सांगितली. ती सौंसर येईपर्यंत खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा पाहत राहिली.

मग तिनं काढायला घेतलं. एकेक अक्षर पडद्यावर भिंतीएवढं मोठं करायची. मला वाटत होतं, फोटो काढला की झालं. पण शाई पसरली आहे की वळणच तसं आहे, हे ठरवायला ती अख्खी दुपार घालवायची. "पणजोबा दाब किती हलका द्यायचे?" असं काहीतरी विचारायची आणि मी सांगायचो, खाली पातळ कागद घालायचे, आणि तिचा चेहरा उजळायचा. पत्रिकेत जी अक्षरं होती ती जमली. जी नव्हती ती नात्यागोत्यावरून जुळवली. प आहे तर ष काढता येतो, म्हणाली. पण ठ अडला. हिच्या नावात ठ आहे, तुम्हाला माहीतच आहे. आणि आईच्या पत्रिकेत कुठंही ठ नाही. तुम्ही 'ठिकाण' न लिहिता 'स्थळ' लिहिलंत. 'देह ठेवला' असं साधं लिहायचं सोडून 'देहावसान' लिहिलंत. कधी नव्हे ते पुस्तकी मराठी!

"आणि नेमका ठ, आबा," नात डोकं धरून बसली. "ज्याला दांडी आहे ते कलतं दिसतं. ठ म्हणजे गोल. गोल कसा झुकवायचा? झुकला तरी गोलच." तिनं खूप काढले. एक अंड्यासारखा, एक पडतो की काय असा, एक नुसताच उभा, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. मुलगा म्हणत होता, तेवढं एक अक्षर दुसऱ्या टायपातलं टाका, कोणाला कळतं? नातीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

मग तिनं माझ्यासमोर आणखी एक ठेवला. वरचा लहानसा देठ कलता, आणि त्याखाली गोल किंचित उजवीकडे जड, देठाच्या ओढीनं आत्ताच हलला असावा असा. "तुम्ही पाहिलाय ना, आबा. आता तुम्ही एकटेच आहात पाहिलेले. असा होता का?"

"हाच," मी म्हणालो.

"पक्का?"

"पक्का."

पत्रिका छापून आली. सौंसरच्या, पांढुर्ण्याच्या घरांत मी स्वतः नेऊन दिली. कोणी म्हणालं, फार बारीक आहे, चष्मा लावावा लागतो. मुलानं एक घेतली, नागपूरच्या घरी कपाटाच्या काचेत लावतो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून मला वाटलं की लावेल.

पण बाबा, पक्कं नव्हतं. तुमचा ठ मला आठवत नाही. ठचे खिळे कोणत्या खणात असायचे ते आठवतं, आजही डोळे मिटले तर हात तिकडे जातो. त्या खणातून उचलल्यावर काय दिसायचं ते डोळ्यांपुढे येत नाही. त्या पोरीनं काढलेला ठ तिचा आहे. मी हो म्हणालो कारण वर्षभर हिचं नाव कुठंही दिसलं, रेशनकार्डावर, दवाखान्याच्या फायलीवर, की मी नजर काढून घेत होतो, आणि त्या ठ-पाशी नजर पहिल्यांदा थांबली. आता नात कॉलेजात सगळ्यांना सांगून राहिली आहे की हा ठ अस्सल आहे, आजोबांनी ओळखला. म्हणून हे पत्र तिला दाखवायचं नाही, आणि पोस्टात टाकायला तुमचा पत्ता नाही. एवढंच करा. ही तिकडे तुम्हाला विचारेलच, तिला विचारल्याशिवाय राहवायचं नाही, की मामंजी, हा ठ तुमचाच ना? तेव्हा हो म्हणून टाका.